बाबांच्या जीपखालचे थेंब

अगं, काल तू फोन ठेवलास आणि मला बराच वेळ झोपच लागली नाही. "ताई, सगळीकडून गळतंय गं," म्हणताना तुझा आवाज नुसता रडवेला झाला होता. त्यात गॅरेजवाल्यानं सांगितलेलं काम: गिअरबॉक्स खाली उतरवायचा, पुढचं-मागचं हाउजिंग खोलायचं, झाडून सगळी सील नवी टाकायची. आज सकाळीच त्याला थांब म्हण. बाबांनी ती जीप पडवीत लावली त्याला अकरा वर्षं झाली. आणखी पंधरा दिवस उभी राहिली तर तिचं काही बिघडत नाही. घाईनं खोलली तर मात्र बिघडेल.

हे मी पुस्तकातलं सांगत नाहीये. मामंजींच्या जीपच्या वेळी माझ्या हातून काय झालं ते तुला कधी नीट सांगितलंच नाही. बेल हाउजिंगच्या तळाला एक भोक असतं, त्यातून काळं ऑइल ठिबकत होतं. सगळे एका सुरात म्हणाले, इंजिनाचं मागचं मेन सील गेलं. मी मान डोलावली. गिअरबॉक्स, ट्रान्स्फर केस, क्लच, फ्लायव्हील सगळं उतरलं. महिनाभर जीप ठोकळ्यांवर. नवं सील बसलं, जीप घरी आली आणि चौथ्या दिवशी त्याच भोकाखाली तोच थेंब. मग मी स्वतः बॅटरी आणि हातातला आरसा घेऊन आडवी पडले. एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या खाली ब्लॉकच्या कुशीत टॅपेट कव्हर असतं, त्याचं पॅकिंग सुकून आकसलं होतं. तिथून ऑइल ब्लॉकच्या पाठीवरून ओघळायचं आणि बेल हाउजिंगमध्ये उतरून भोकातून बाहेर पडायचं. कॉर्कची एक पट्टी लागली फक्त. खोलायच्या आधी एकदा सगळं पुसून मी वर पाहिलं असतं, तर तो महिना, ते पैसे आणि मामंजींच्या डोळ्यांतली ती काळजी, काहीच खर्ची पडलं नसतं.

म्हणून तुला एवढंच सांगायचंय, बयो. थेंब पडतो तिथे गळती नसते, गळती वर आणि बहुतेक वेळा पुढे असते. ती सापडेपर्यंत पान्हा हातात घ्यायचा नाही.

आधी आपल्याकडची गाडी कोणती ते नीट ओळखून घे, म्हणजे दुकानात कुणी दुसरंच सील गळ्यात मारणार नाही. आपली सीजे-३बी. विलिसनं १९५३ साली आणलेलं मॉडेल. महिंद्रानं १९४७ पासून मुंबईत विलिसच्या जीप जोडायला घेतल्या होत्या, त्याच घराण्यातली ही. बॉनेट एवढं उंच का, असं तू लहानपणी बाबांना विचारायचीस. आतलं हरिकेन इंजिन उंच आहे म्हणून. त्याचे इनटेक व्हॉल्व्ह वर हेडमध्ये आणि एक्झॉस्टचे खाली ब्लॉकमध्ये. त्यामागे टी-९० नावाचा तीन गिअरचा बॉक्स, त्याला चिकटून स्पायसर १८ ट्रान्स्फर केस, आणि मागे डाना ४४ एक्सल. ही तीन नावं वहीत लिहून ठेव. बाबांनी मध्ये कधी डिझेल इंजिन घालून घेतलं नव्हतं हे नशीब. तसं असतं तर इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये जोडपट्टी आली असती आणि बेल हाउजिंगचा हिशेबच बदलला असता.

आता पहिलं काम. जीप धुऊ नकोस. मला माहिती आहे, तुला ती चकाचक करायची घाई झालीय. पण अकरा वर्षांची ती काळी खपली म्हणजेच तिची कुंडली आहे. खाली आडवी हो आणि नुसतं बघ. ऑइल जिथे पाझरतं तिथे धूळ चिकटून जाड थर बसतो. थर कोरडा, करकरीत असेल तर ते जुनं दुखणं. वर ओल चमकत असेल तर आजचं. प्रोपेलर शाफ्टच्या टोकाशी, म्हणजे हाउजिंगच्या तोंडाला, जे सील असतं ते गळत असेल, तर त्याच्या बरोबर वर बॉडीच्या तळाला ऑइलचा एक पट्टा उमटलेला दिसतो. शाफ्ट फिरताना ऑइल गोल फेकतो ना, त्याचा. तो पट्टा पाण्यानं धुऊन टाकलास तर खूण गेली. मोबाइलवर फोटो काढ, प्रत्येक कोनातून.

आणि जे अगदी कोरडं ठणठणीत दिसतंय, तिथे खूश होऊ नकोस. "मागचं हाउजिंग मात्र छान आहे, एक थेंब नाही," म्हणालीस ना काल? मला त्याचीच जास्त धास्ती वाटते. आत ऑइलच उरलं नसेल तर गळणार काय? सगळ्यात आधी तोच फिलर प्लग उघडायचा.

इथे एक गोष्ट हात जोडून सांगते: भरायचा प्लग सुटतोय याची खात्री झाल्याशिवाय काढायचा प्लग उघडायचा नाही. अकरा वर्षांत आटे गंजून धरलेले असतात. खालचा प्लग काढून सगळं ऑइल सोडून दिलंस आणि वरचा सुटलाच नाही, तर कोरडी गाडी घेऊन बसशील. आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मार, पान्हा नीट बसेल तोच वापर, चौकोनाच्या कडा गोल होऊ देऊ नकोस. फिलर सुटला की करंगळी आत घाल. ऑइल भोकाच्या खालच्या काठाला लागलं पाहिजे. किती खाली आहे ते लिहून ठेव, मगच पुढचं. मोजायच्या आधी भरलंस तर अकरा वर्षांत किती गळलं हे कधीच कळणार नाही.

गिअरबॉक्स आणि ट्रान्स्फर केस मोजताना जीप सपाट जागेवर ढकलून घे. पडवीची फरशी मागे उतरती आहे. या दोन पेट्या शेजारणी आहेत, एकीतलं ऑइल दुसरीत सरकतं. गिअरबॉक्समध्ये कमी आणि ट्रान्स्फर केसमध्ये काठोकाठ असं दिसलं, तर लगेच "गिअरबॉक्स गळतोय" म्हणू नकोस. ऑइल जमिनीवर गेलेलंच नसेल, शेजारी जाऊन बसलं असेल. आणि ट्रान्स्फर केस गळ्यापर्यंत भरली की तिची चांगली सीलसुद्धा ओलावतात.

आता वास आणि बोटं. दोन बोटांत थेंब चोळून बघ. नव्वद नंबरचं गिअर ऑइल चिकट, जड, आणि त्याला सडक्या अंड्यासारखा गंधकाचा वास. एकदा नाकात बसला की आयुष्यभर विसरत नाही. इंजिन ऑइल काळं, त्या मानानं पातळ, जळकट वासाचं. बेल हाउजिंगच्या भोकाखालचा थेंब कुठला, इंजिनाचा की गिअरबॉक्सच्या पुढच्या तोंडाचा, हा घोळ निम्म्या वेळा वासावरच सुटतो. चाकाच्या आतल्या बाजूला ओल असेल तर ती ब्रेक ऑइलचीही असू शकते. वाटीत पाणी घेऊन त्यात थेंब टाक: ब्रेक ऑइल पाण्यात मिसळतं, गिअर ऑइल तवंग धरतं. ब्रेक ऑइल रंगावर सांडू देऊ नकोस, रंग सोलून निघतो. आणि पुढच्या उजव्या चाकाजवळचा थेंब बघून एक्सलला नाव ठेवायच्या आधी स्टिअरिंग बॉक्सखाली हात फिरव. तोही पाझरतो, आणि दोष बिचाऱ्या एक्सलवर जातो.

ऑइल दुधाच्या चहासारखं दिसलं तर? तसं दिसेल असंच मला वाटतंय. २०२१ च्या जुलैत कोयनेला पूर आला तेव्हा पडवीत गुडघाभर पाणी होतं, आईनं फोटो पाठवला होता. एवढ्या पाण्यात दोन्ही एक्सल बुडतात. पाणी आत गेलं असेल तर त्या ऑइलवर जीप दहा पावलंही चालवू नकोस. सगळं काढ, नवं भर, चाकं उचलून हातानं फिरव, पुन्हा काढ. दुसऱ्यांदा स्वच्छ आलं तरच पुढे. काढलेल्या ऑइलमध्ये मॅग्नेट फिरव. त्याला काळसर मऊ लेप लागला तर चिंता नाही, दातांचे तुकडे किंवा पापुद्रे लागले तर मात्र हाउजिंग खोलावंच लागेल, आणि ते काम सीलपेक्षा मोठं आहे.

पाणी आत कुठून गेलं? बहुतेक ब्रीदरमधून. एक्सलच्या डोक्यावर छोटीशी टोपी असते, आतली हवा गरम होऊन फुगली की बाहेर जायला वाट. ती काढून फुंकर मारून बघ. मामंजींच्या जीपच्या ब्रीदरवर कुंभारणीनं मातीचं घर बांधलं होतं, अगदी तोंड लिंपून. अशी वाट बंद झाली की घाट चढून एक्सल तापला की दाब वाढतो आणि ऑइल सीलच्या ओठातून बाहेर ढकललं जातं. मग कितीही नवी सील घाल, आठवड्यात पुन्हा ओली. पाच मिनिटांचं काम आहे हे, आणि कुणी करत नाही.

एवढं झालं की मग धू. पण सर्व्हिस सेंटरमधल्या जोरदार फवाऱ्यानं नाही. तो सुकलेल्या सीलमधून पाणी आत घालतो. डिझेल, ब्रश, चिंध्या. उंबऱ्यावर बसून तांब्याची भांडी घासतो तशी चिकाटी लागते, दोन दिवस जातील. पूर्ण सुकल्यावर जोडांवर आणि सीलच्या तोंडांवर टाल्कम पावडर फुंकून मार. पांढऱ्यावर ऑइलचा ओघळ धाग्यासारखा उमटतो आणि तो धागा वरवर पकडत गेलं की उगम सापडतो. खाली फ्रिजच्या खोक्याचा मोठा पुठ्ठा टाक, त्यावर चारही चाकांच्या जागा खडूनं आख. रात्रभर ठेव. सकाळी प्रत्येक डागाभोवती गोल करून तारीख घाल. मग दोन किलोमीटर चालवून पुन्हा रात्रभर, मग वीस-पंचवीस किलोमीटर चालवून पुन्हा. तिन्ही वेळचे डाग वेगळे येतील. उभ्या गाडीत ऑइल खाली बसलेलं असतं, पातळीच्या वरची सील कोरडीच राहतात. ती कशी आहेत हे चाकं फिरून आत ऑइल उडायला लागल्यावरच कळतं. काही सील सुरुवातीला ठिबकतात आणि ऑइल पिऊन थोडी नरमली की थांबतातही. म्हणून पहिल्या दिवशीच्या डागावर निकाल देऊ नकोस.

आता ट्रान्स्फर केस. इथे जरा सावकाश ऐक, कारण या जीपमध्ये सगळ्यात जास्त फसवणारी जागा हीच. तिच्या तळाला पत्र्याचं झाकण असतं आणि ते नेहमीच ओलं दिसतं. सगळे म्हणतात तळाचं पॅकिंग बदला. बदलतात, आणि ते पुन्हा ओलं होतं, कारण वरचं सगळं ओघळून त्याच काठावर जमतं. वर बघ. मागच्या अंगाला खालच्या बाजूस एक जाड शाफ्ट केसमध्ये आरपार बसवलेला आहे, त्याला अडकवून ठेवायला छोटी लॉक प्लेट. तो इंटरमीडिएट शाफ्ट. त्याच्या कडेनं पाझर येणं हे या केसचं जुनं, ठाऊक असलेलं दुखणं. पुढच्या बाजूला दोन दांडे बाहेर आलेले दिसतील, बाबांचे ते दोन छोटे लिव्हर ज्यांना जोडलेत ते: एक पुढच्या एक्सलचा, एक लो-हायचा. त्यांचीही छोटी सील असतात, आणि दांड्यांवर गंज चढला की लिव्हर ओढताच ती फाटतात. म्हणून लिव्हर जोर लावून ओढायच्या आधी ते दांडे पॉलिशपेपरनं साफ करून ऑइल लाव. गिअरबॉक्सला केस जोडणारे बोल्ट आत आरपार जातात त्यांच्या आट्यांतूनही ऑइल येतं. तिथे सील वगैरे काही नाही, बोल्ट काढून आट्यांना सीलंट लावायचं.

आणि मागचं तोंड. अगं, आपल्या जीपचा हँडब्रेक चाकांवर नाही, ट्रान्स्फर केसच्या मागच्या तोंडावरच्या ड्रमवर आहे. तिथलं सील गळलं की ऑइल थेट हँडब्रेकच्या लायनिंगवर. बाबा कुंभार्ली घाटात चिपळूणच्या वाटेवर थांबायचे तेव्हा उतरून चाकामागे दगड लावायचे, आठवतं? आपल्याला वाटायचं ती त्यांची सवय. मला आता वाटतं, तो ड्रम तेव्हाच तेलकट झाला असणार. बाकी कुठे घामासारखी ओल राहिली तर मी तुला काही म्हणणार नाही, या वयाच्या जीपला तेवढं चालतं. पण हा ड्रम आणि चाकांतले ब्रेक इथे थेंबही चालवून घ्यायचा नाही. तेलकट लायनिंग पेट्रोलनं धुऊन, जाळून परत लावतात काही जण. तू लावू देऊ नकोस, नवं घाल.

याच हँडब्रेकमुळे दुसरी एक गोष्ट, आणि ती तुझ्या जिवाची आहे. तो प्रोपेलर शाफ्ट धरतो, चाकं नाही. मागचं एकच चाक जॅकवर उचललंस तर ते चाक मोकळं फिरतं आणि हँडब्रेक ओढलेला असूनही जीप घरंगळू शकते. एकटं चाक उचलायचं नाहीच. पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लाव, मग मागचा एक्सल दोन्ही बाजूंनी उचलून स्टँडवर टेकव. नुसत्या जॅकवर असलेल्या गाडीखाली डोकं घालायचं नाही. विटा रचून तर अजिबात नाही. डाव्या चाकाचे नट सोडताना आधी बोल्टच्या टोकावर एल खूण आहे का बघ. जुन्या जीपना त्या बाजूला बऱ्याचदा उलटे आटे असतात, आणि आपण ताकद लावून आणखी आवळत बसतो.

पुढच्या एक्सलच्या दोन टोकांना ते गोल, भांड्यासारखे गोळे आहेत, चाक वळतं तिथले. त्यांच्याखाली डाग दिसला म्हणून घाबरू नकोस. आत ग्रीस भरलेलं असतं, आणि वर्षानुवर्षं उभ्या गाडीत ग्रीसमधलं तेल सुटून नमद्याच्या सीलमधून ठिबकतं. पुढच्या हाउजिंगची पातळी जागच्या जागी असेल तर ते एवढंच आहे: जुनं काढून नवं भर, गोळ्याचा गंज घासून काढ, नमदा बदल. पातळी उतरलेली असेल तर आतलं सील गेलंय, ऑइल गोळ्यात येऊन ग्रीस धुऊन नेतंय. दोन्हींचा डाग सारखाच दिसतो, फरक पातळीच सांगते. म्हणून तर म्हटलं, भरायच्या आधी मोज.

शेवटी एखाददुसरं सील बदलावं लागेलच. जुनी सील चामड्याची असतील किंवा रबर दगड झालेलं असेल. पण नुसतं सील बदलून भागत नाही. ज्या गुळगुळीत जागेवर सीलचा ओठ टेकतो, तिथे नख फिरव. नख अडकलं तर खाच पडली आहे, किंवा एकाच जागी उभं राहून गंजानं खड्डे पाडलेत. तिथे नवं सील महिनाभरही टिकणार नाही. तो भाग बदल किंवा त्यावर पातळ स्लीव्ह चढवून घे. खोलायच्या आधी योक, म्हणजे प्रोपेलर शाफ्ट जिथे जोडतो ते तोंड, हातानं वर-खाली हलवून बघ. खडखडला तर बेअरिंग गेलंय आणि सीलचा त्यात काही दोष नाही. बसवताना योकच्या दात्यांवर सीलंटचा पुसटसा हात फिरवायला सांग, ऑइल दात्यांमधूनही सरकतं.

ऑइलचं एक लक्षात ठेव. गिअरबॉक्समध्ये जीएल-४ च घाल. दुसऱ्या-तिसऱ्या गिअरच्या सिंक्रोच्या कड्या पितळी असतात, आणि जीएल-५ मधली रसायनं पितळाला मानवत नाहीत. दुकानदार "एकच की हो ताई" म्हणेल. एकच नाही. जीएल-५ एक्सलमध्ये चालेल.

गॅरेजमध्ये तुझ्याशी न बोलता तुझ्या मागे उभ्या असलेल्या दाजींशी बोलतील, हेही सांगून ठेवते. माझ्या बाबतीत दोन वर्षं तसंच झालं. वाद घालू नकोस. पुठ्ठा घेऊन जा, बॉनेटवर पसर आणि बोट ठेवून विचार: हा डाग रात्रीचा, हा पंचवीस किलोमीटरनंतरचा, हा गिअर ऑइलचा, आता सांगा कुठलं खोलणार आणि का? चांगला मिस्त्री पुठ्ठ्यावर वाकतो आणि तिथून पुढे तुझ्याशीच बोलायला लागतो. मला असा एक भेटला, वयस्कर आहे, फार बोलत नाही, पण हात लावायच्या आधी दहा मिनिटं नुसता बघतो. तुझ्या पुठ्ठ्यावर तीन तारखा झाल्या की मी त्याला घेऊन येते.

तोवर फिलरला गंज सोडवणारं तेल मारून ठेव, रोज रात्री दोन थेंब. ओढायला मात्र मी रविवारी येईपर्यंत थांब. मामंजींचा लांब दांड्याचा पान्हा आणतेय. आणि आईला सांग, पडवीतला तो पुठ्ठा कचरा समजून बंबात घालू नकोस म्हणावं.